थर्टी-थर्टीला गोळी कोणती घ्यावी?

विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. ऑक्टोबर लागला की इथल्या मराठी मित्रांचे मला फोन येऊ लागतात. कुणी शेजाऱ्याकडून थर्टी-थर्टी काडतुसाची जुनी मार्लिन ३३६ रायफल विकत घेतलेली असते, कुणाला ऑफिसातला सहकारी त्याच्या शेतावर मचाणावर बसायला बोलावतो, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "थर्टी-थर्टी हाताशी आहे, गोळी कुठली घेऊ?" फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं हे उत्तर नाही. गोळी चुकीची निवडली तर त्याचा त्रास जनावराला होतो, म्हणून नीट सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हे सगळं अमेरिकेपुरतं. इथेही एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. अपवाद मोजके आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. तो हातात येण्याआधी मित्राची रायफलसुद्धा हातात घेऊ नका, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना काढण्यासाठी सहसा सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तो अभ्यासक्रम मन लावून करा. तिथे जे शिकवतात ते मी खाली पुन्हा लिहिणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. खाली 'गोळी' म्हणजे नळीतून बाहेर पडतो तो शिसं-तांब्याचा तुकडा, आणि 'काडतूस' म्हणजे पितळी नळकांडं, दारू, प्रायमर (बुडातली, ठोका बसला की दारू पेटवणारी टोपी) आणि गोळी मिळून अख्खं.

थर्टी-थर्टी हे काडतूस विंचेस्टरने १८९५मध्ये बाजारात आणलं, जॉन ब्राउनिंगच्या १८९४च्या लिव्हर रायफलसाठी, म्हणजे चापाजवळचा दांडा ओढून काडतूस भरायच्या रायफलसाठी. बिनधुराच्या दारूवर चालणाऱ्या अमेरिकी शिकारी काडतुसांमधलं हे अगदी पहिल्या फळीतलं. आजच्या मानाने त्याचा वेग मध्यमच. डब्यावरचे आकडे बघा: १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,३९० फूट, १७० ग्रेनची २,२००. त्याच व्यासाची, म्हणजे ०.३०८ इंचाची, १५० ग्रेनची गोळी थर्टी-ओ-सिक्स या मोठ्या काडतुसातून २,९०० फुटांच्या आसपास निघते. थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम तर १८० ग्रेनची जड गोळी त्याहूनही जोरात फेकते. व्यास सारखा, वेग निराळा, आणि सगळी मेख इथेच आहे.

ग्रेन हे माप ज्यांना परकं वाटतं त्यांच्यासाठी एक सोपा हिशोब. कोल्हापूरच्या गुजरीत आमचं सराफीचं दुकान होतं, त्यामुळे मला हा लगेच बसला. जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा, बरोबर १८० ग्रेनचा. बारा माशांचा तोळा, म्हणजे एक मासा १५ ग्रेन. १५० ग्रेनची गोळी दहा मासे, १७० ग्रेनची तोळ्याला थोडी कमी. हातात घेतली की वजन कळतं.

वेग हरणापाशी मोजायचा

डब्यावर छापलेला वेग हा नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो, आणि तोही बहुधा २४ इंची चाचणी नळीतून. आपल्या मार्लिनची किंवा विंचेस्टर ९४ची नळी असते २० इंचांची. तिथेच शंभरएक फूट कमी होतात. माझ्या रायफलमधून १५० ग्रेनची गोळी २,३००च्या आसपास निघते, हे मी क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, लावून पाहिलं आहे. त्यात थर्टी-थर्टीची गोळी चपट्या तोंडाची, हवेला आडवी येणारी. १०० यार्डांवर ती १,९०० फुटांवर येते, १५० यार्डांवर १,७००च्या जवळपास, आणि २०० यार्डांवर १,५००च्या थोडी वर. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर.

हा हरणापाशी पोचतानाचा वेगच गोळीची निवड ठरवतो. शिकारी गोळी आत शिरल्यावर फुलावी लागते, तिचं तोंड मागे वळून व्यास दीड-दोन पट व्हावा लागतो. तरच फुप्फुसांत रुंद जखम होते आणि हरीण काही सेकंदांत कोसळतं. गोळी फुलली नाही तर पेन्सिलच्या जाडीचं भोक पाडून आरपार निघून जाते. हरीण पळतं, रक्त पडत नाही, आणि ते कुठेतरी दलदलीत तासन् तास तडफडून मरतं. कुणाही शिकाऱ्याच्या हातून असं होऊ नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

फुलण्यासाठी वेग लागतो. तो किती लागतो हे जॅकेट, म्हणजे शिशावरचं तांब्याचं आवरण, किती जाड आहे, शिसं किती मऊ आहे, टोकाशी शिसं किती उघडं ठेवलं आहे यावर ठरतं. प्रत्येक गोळीची एक खालची वेगमर्यादा असते, तिच्याखाली ती फुलत नाही. वरची मर्यादाही असते, तिच्यापलीकडे गोळीच्या ठिकऱ्या होतात. चांगले उत्पादक हे आकडे स्वतः देतात. डब्यावर नसतील तर त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा, सांगतात.

महाग गोळी का नको, हे समजायला नॉस्लरची गोष्ट कामाला येते. जॉन नॉस्लर १९४०च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात मूस, म्हणजे हरणाच्या जातीचं प्रचंड जनावर, मारायला गेले होते. हातात थ्री हंड्रेड एच अँड एच मॅग्नम, त्या काळातलं भन्नाट वेगवान काडतूस. त्यांच्या गोळ्या मूसच्या चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर वरच्यावर फुटल्या, आत पोचल्याच नाहीत. घरी येऊन त्यांनी मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग फुलला तरी मागचा अखंड राहून पुढे घुसतो. तीच पार्टिशन, १९४८पासून विक्रीला आहे. गोळी अप्रतिम आहे. पण ती कुठल्या दुखण्यावरचं औषध आहे ते बघा: अतिवेगाने फुटणाऱ्या गोळीवरचं. जोडजॅकेटच्या, म्हणजे शिसं आणि जॅकेट एकजीव केलेल्या बाँडेड गोळ्याही त्याच दुखण्यासाठी निघाल्या. थर्टी-थर्टीला ते दुखणं कधी नव्हतंच. इथे काळजी उलटी असते, की गोळी वेळेत फुलेल ना?

म्हणून मी ठामपणे सांगतो: थर्टी-थर्टीसाठी साधी, पातळ जॅकेटची, टोकाला मऊ शिसं उघडं असलेली गोळी ही गरिबाची निवड नाही, ती योग्य निवड आहे. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९पासून आहे. विंचेस्टरची पॉवर-पॉइंट, फेडरलची पॉवर-शॉक त्याच जातीच्या. या काडतुसाच्या वेगाला धरूनच या गोळ्यांची थर्टी-थर्टीची आवृत्ती बनवलेली असते. तयार काडतुसं घेणाऱ्याचं निम्मं काम कंपनीनेच केलेलं असतं.

जपायचं आहे ते स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी. सुट्या गोळ्यांच्या फळीवर ०.३०८ व्यासाचे वीस प्रकार मांडलेले असतात, आणि त्यातले बहुतेक थ्री-ओ-एट (.३०८ विंचेस्टर), थर्टी-ओ-सिक्स आणि मॅग्नम या वेगवान काडतुसांसाठी घडवलेले. थर्टी-थर्टीच्या नळीत ते बसतात म्हणून ते थर्टी-थर्टीसाठी आहेत असं होत नाही. डब्यावर '३०-३०' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तीच गोळी घ्या. दारूचं माप गोळी किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू पुस्तकातलंच, कुणी तोंडी सांगितलेलं नको. आणि अगदी नवख्यासाठी: व्यास सारखा असला तरी थ्री-ओ-एटचं काडतूस आणि थर्टी-थर्टीचं काडतूस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. एक दुसऱ्याच्या रायफलमध्ये कधीही घालायचं नाही.

टोक चपटंच का

जुन्या लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकामागे एक ओळीने भरलेली असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं प्रायमरला टेकतं. बार उडाला की रायफल झटका देते आणि ती सगळी रांग आत मागेपुढे आदळते. टोक अणकुचीदार असेल तर ते प्रायमरवर टाचणीसारखं काम करू शकतं, आणि काडतूस मॅगझिनमध्येच फुटू शकतं. तुमचा डावा हात त्याच नळीवर असतो. म्हणून चपटं किंवा रुंद गोलसर टोक. "एकच काडतूस चेंबरमध्ये आणि एकच मॅगझिनमध्ये ठेवलं तर टोकदार चालतं" असं सांगणारे भेटतात. गणित म्हणून ते बरोबर आहे, पण थंडीत बधिर बोटांनी, पहाटेच्या अंधारात, खिशात दोन प्रकारची काडतुसं घेऊन मी हा नियम माझ्या घरातल्या कुणाला पाळायला सांगणार नाही.

याला एक खरा अपवाद आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी हॉर्नाडीने लेव्हरेव्होल्यूशन नावाची काडतुसं आणली. त्यातल्या एफटीएक्स गोळीचं टोक आहे अणकुचीदारच, पण रबरासारख्या मऊ पॉलिमरचं. प्रायमरवर दाब पडला तर टोक दबतं. १६० ग्रेनची ही गोळी डब्यावर २,४०० फुटांनी निघते आणि २०० यार्डांवर अजून १,९००च्या वर असते. साधी १५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर असते त्याच्या आसपास. १०० यार्डांवर तीन इंच वर मारेल अशी बसवली की २००ला जवळपास नेमावर येते, आणि ३००ला फूटभर खाली.

मग सगळ्यांनी हीच घ्यावी का? माझं मत, गरज असेल तरच. तुमचं मचाण मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला असेल आणि हरणं १५०-१८० यार्डांवरून जात असतील, तर ही गोळी पैसे वसूल करते. माझं मचाण ओक आणि पॉपलरच्या दाट रानात आहे. तिथे ७० यार्डांपलीकडचं दिसतच नाही. मला तिचा उपयोग नाही, आणि जवळून साधी कोअर-लॉक्ट मांस कमी नासवते असा माझा अनुभव आहे. बॉक्स मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं एकावर एक रचायच्या, थर्टी-थर्टी रायफली, उदाहरणार्थ सॅव्हेज ३४०, कुणाकडे असतील तर त्यांना टोकाची अडचण नाही. पण गोळी कमी वेगाला फुलणारी हवी हा नियम त्यांनाही आहेच.

१५० की १७०

यावर इथल्या बारमध्ये तासन् तास वाद होतात. फरक आहे, पण वादाएवढा मोठा नाही. १५० थोडी सपाट जाते आणि तिचा धक्का कमी. १७० सावकाश निघते पण वेग कमी गमावते, १५० यार्डांच्या पुढे दोघींचा वेग जवळपास सारखाच. आत मात्र १७० जास्त खोल जाते. रानात हरीण नेहमी आडवं उभं राहत नाही. तिरकं असेल, खांद्याचं हाड मध्ये येत असेल, तर ती खोली लागते. आणि मचाणावरून खाली मारताना गोळी वरून शिरते. ती पलीकडे खालून बाहेर पडली तरच जमिनीवर रक्ताचा माग पडतो. पहिल्या भोकातून रक्त बाहेर येत नाही, आत साठतं. ओल्या पानांवर संध्याकाळी साडेचार वाजता, काळोख व्हायच्या आत हरीण शोधायचं असतं, तेव्हा ते दुसरं भोक किती मोलाचं असतं हे माग काढणाऱ्यालाच कळतं. म्हणून मी १७० वापरतो. ज्यांचा खांदा नाजूक आहे, किंवा जे पहिल्यांदाच रायफल हाती घेताहेत, त्यांना मी १५० देतो. धक्क्याला घाबरून चाप खेचणाऱ्याची १७० ग्रेन पोटात लागते, आणि १५० ग्रेन नीट फुप्फुसांत लागलेली त्यापेक्षा कितीतरी बरी. काळ्या अस्वलाचा परवाना लागला असेल तर मात्र १७०च, किंवा खाली सांगतो ती तांब्याची.

एक समज इथे खोडून काढला पाहिजे. थर्टी-थर्टीला इथे 'झुडपातली रायफल' म्हणतात, आणि जड, सावकाश, चपटी गोळी फांद्या कापत सरळ जाते असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. तसं होत नाही. करंगळीएवढ्या फांदीला घासली तरी कुठलीही गोळी वळते, कुठे जाईल याचा भरवसा नाही. मोकळी फट मिळेपर्यंत थांबा. फट मिळाली नाही तर हरणाला जाऊ द्या.

शिसं आणि ताट

आमच्याकडे हरणाच्या मांसाचा तांबडा रस्सा होतो, आणि तो मुलंही खातात. म्हणून हा भाग माझ्यासाठी बाजूचा नाही. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण मांसात उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली लागत नाहीत, पण एक्स-रेमध्ये जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत ठिपके दिसतात. २००८मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने अन्नछत्रांना दान मिळालेला हरणाचा खिमा वाटू नका असं कळवलं होतं, ते याच कारणाने. लहान मुलांना आणि गरोदर बाईला शिशाचा कणही नको. गरुडांचंही तेच: शिकाऱ्याने रानात टाकलेली आतडी ते खातात आणि शिशाने मरतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत.

थर्टी-थर्टीच्या बाजूने एवढं म्हणता येतं की कमी वेगाची गोळी मॅग्नमच्या मानाने कमी फुटते. कमी, पण फुटते. शिसं वापरत असाल तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. रक्त साकळलेलं, जांभळं पडलेलं तर सगळंच टाका, आणि ते मांस धुऊन खिम्यात ढकलू नका. मांस कापून देणाऱ्या दुकानात सगळ्यांचा खिमा एकत्र होतो का, तेही विचारून घ्या.

दुसरा मार्ग अखंड तांब्याच्या गोळीचा. तिच्या तोंडाशी पोकळी असते. आत शिरताना त्या पोकळीतल्या दाबाने तोंड पाकळ्यांसारखं उघडतं आणि वजन जवळपास सगळं टिकतं. त्यामुळे १५० ग्रेनची तांब्याची गोळी खोलीच्या बाबतीत जड शिशाच्या गोळीला मागे टाकते. पण तांबं शिशासारखं मऊ नाही, म्हणून वेगाचा प्रश्न इथे सर्वांत कडक. थर्टी-ओ-सिक्ससाठीची टोकदार तांब्याची गोळी आपल्या वेगाला १०० यार्डांवरसुद्धा अर्धवटच उघडू शकते. बार्न्स थर्टी-थर्टीसाठी वेगळी चपट्या तोंडाची १५० ग्रेनची टीएसएक्स बनवतं. तिची पोकळी रुंद आहे, कमी वेगाला उघडावी म्हणून. तांब्याची घ्यायची तर अशीच, थर्टी-थर्टीसाठी मुद्दाम घडवलेली. आणि अंतर आखडतं ठेवा. मी तिच्यासाठी १०० ते १२५ यार्डांची मर्यादा धरतो. घरात लहान मूल असेल तर माझा सल्ला सरळ हीच घ्या. डबा महाग पडतो खरा, पण हंगामात लागतात किती गोळ्या?

पूर्ण जॅकेटची, लष्करी पद्धतीची गोळी हरणासाठी नको. ती फुलत नाही, आणि अनेक राज्यांत तिने हरीण मारणं बेकायदेशीरही आहे.

विकत घेतल्यावर

दोन किंवा तीन प्रकारांचे एकेक डबे आणा. लिव्हर रायफली लहरी असतात, एक गोळी तीन इंचांत पडते आणि त्याच वजनाची दुसऱ्या कंपनीची सहा इंचांत. रेंजवर टेकू घेऊन १०० यार्डांवर तीन-तीन बार काढा, मध्ये नळी गार होऊ द्या. तीन इंचांच्या आत पडणारी कुठलीही थर्टी-थर्टीला पुरते, कारण हरणाच्या फुप्फुसांचा पट्टा आठ-नऊ इंचांचा असतो. मग टेकू सोडून बसून, उभं राहून, मचाणावर घालता त्याच जाड कोटात सराव करा. चपट्या तोंडाची काडतुसं लिव्हर ओढताना कुठे अडकतात का, तेही तिथेच कळतं.

सराव झाला की रायफलला मानवलेल्या गोळीचे आणखी दोन डबे घ्या, आणि डब्यावरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते पाहा. लॉट बदलला तर गोळी इंच-दीड इंच इकडेतिकडे सरकू शकते. ऑक्टोबरच्या शेवटी दुकानातला १७० ग्रेनचा कप्पा रिकामा होतो, तेव्हा सप्टेंबरमध्येच उरकून टाका.